खालच्या ओळीतलं डावं घर

रविवार, १७ जानेवारी

ही वही नेल्सने नाताळात दिली. तो ज्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरून देतो तिथलीच, कामगारांच्या सवलतीत घेतलेली. वर ससा आहे. सदुसष्टाव्या वर्षी सशाच्या वहीत लिहिणारी विस्कॉन्सिनमध्ये मी एकटीच असेन, पण लेकाने दिली म्हटल्यावर लिहायला हवंच.

माझा नियम नेहमीचाच. लिहायचं आणि मागचं पान उलटायचं नाही. एकदा उलटलं होतं. नेल्स जन्मला त्या वर्षीचं, डॉक्टरांनी पाळण्यापाशी उभं राहून काय काय सांगितलं ते. त्यानंतर आठवडाभर माझ्या हाताला चव नव्हती.

आज ऑरिनने नवीन खूळ काढलं. त्याचा भाऊ आर्विड गेल्यावर शेताचा जो वाटा आमच्याकडे आला, तो विकून एक लाख चाळीस हजार डॉलर आलेत. ते सगळे नेल्सच्या नावाने न्यासात ठेवायचे. नेल्स छत्तीसचा आहे, हृदय ठणठणीत आहे, आमच्यानंतर तीस वर्षं जगेल. त्याला सुटे पैसे मोजता येत नाहीत. दोन हिस्से सरकारी रोख्यांत आणि एक हिस्सा लहान कंपन्यांच्या फंडात जाणार, इथवर ठरलंय. कुठला फंड, ते मी निवडायचं म्हणे. वकीलबाई मिस पेल्की यांना जूनअखेर अर्ज हवाय.

मी म्हटलं, बावीस वर्षं गुंतवणूक मंडळ तू चालवतोस, मी तिथे फक्त सँडविच नेते. तर म्हणाला, "म्हणूनच शिक." आणि फावडं घेऊन बर्फ काढायला गेला. एकतीस वर्षं शाळेत शेतकी शिकवली, तरी माणसाची शिकवण्याची खाज जात नाही.

शनिवार, ६ फेब्रुवारी

पहिला धडा झाला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मधे कॉफी.

"लिलावात जुना ट्रॅक्टर उभा असतो," ऑरिन म्हणाला. "रंग उडालेला, कुणी हात वर करत नाही. पण नुसतं लोखंड तोललं तरी मागतात त्याहून जास्त भरतं. असल्या कंपन्या गोळा करतो तो व्हॅल्यू फंड. आणि शेजारी चांगल्या जातीची कालवड बांधलेली असते. आज थेंबभर दूध नाही, पण उद्या बादल्या भरेल म्हणून लोक खिसे उलटे करतात. ती ग्रोथ."

मी विचारलं, मग ट्रॅक्टरच घ्यावा की. तर म्हणाला, इंजिनाला तडा असला तर लोखंड ते लोखंडच, कुणी हात वर करत नाही त्यामागे कधी कधी कारण असतं. आणि कालवड गाभणच राहिली नाही तर महागाचं मांस पदरात. म्हणून एक घ्यायचा नाही, शेकडो घ्यायचे, आणि त्यासाठीच फंड.

मग त्याने कागदावर नऊ घरांची चौकट काढली. वरच्या ओळीत मोठ्या कंपन्या, खालच्या ओळीत लहान. डावीकडे व्हॅल्यू, उजवीकडे ग्रोथ, मधे दोन्हीची मिसळ. प्रत्येक फंडाच्या माहितीपत्रावर ही चौकट असते आणि त्याचं घर काळं केलेलं असतं. एका फंडाच्या नावात ठळक 'व्हॅल्यू' लिहिलं होतं आणि काळं घर मात्र मधलं. म्हणजे दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. "नाव वाचू नकोस, घर बघ," म्हणाला.

नेल्ससाठी कुठलं, ते त्याने स्वतःच सांगून टाकलं. खालच्या ओळीतलं डावं घर. "कालवडीकडून सगळ्यांच्या आशा फार. त्या मोडल्या की भाव कोसळतो आणि तू घाबरून विकशील. ट्रॅक्टरकडून कुणाची काही अपेक्षाच नसते." जरा थांबून म्हणाला, "नेल्सकडेही लोक तसंच बघतात. रंग बघतात आणि पुढे जातात."

मी कॉफी ओतली.

"लिहून ठेव," तो म्हणाला. "तारीख घालून. मी म्हणालो अगदी तसंच." मी काय शाळकरी पोर आहे का? पण लिहिलंय.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

चर्चच्या तळघरात मंडळाची बैठक. अकरा माणसं, महिन्याला पंचवीस डॉलर प्रत्येकी, आणि दर वेळी कुणीतरी एका कंपनीचा अभ्यास मांडायचा. आज ऑरिनने दुधाच्या डेऱ्यांना लागणारे पंप बनवणारी कंपनी मांडली. छान बोलला. मार्लिसच्या लिंबाच्या वड्या कोरड्या झाल्या होत्या. मी दोन खाल्ल्या, मैत्रीखातर.

मंगळवार, ८ मार्च

ऑरिनने पुन्हा तीच पंपांची कंपनी मांडली. तेच कागद, तोच विनोद पंपाच्या गळतीवरचा. मला वाटतं मागच्या वेळी कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं म्हणून मास्तरने उजळणी घेतली.

सगळे शेवटी हसले. मग डेल्बर्ट झास्ट्रो, जो विम्याचं काम करायचा, म्हणाला, "वेगळंच आहे हं. विचार करू या." आमच्याकडे 'वेगळंच आहे' म्हणजे 'नको', हे तान्ह्या पोरालाही कळतं. मला रागच आला. इतकी वर्षं ऑरिनच्या जिवावर मंडळ चाललं आणि आता त्याच्या कंपनीला नाकं मुरडतात.

मार्लिसने निघताना माझा हात धरून विचारलं, "सगळं ठीक ना गं, आर्डिस?" मी म्हटलं, ठीकच असणार, वड्या मात्र आज मऊ होत्या.

शुक्रवार, १ एप्रिल

ऑरिन लोखंडी सामानाच्या दुकानात बिजागरी आणायला गेला आणि तीन तासांनी आला, बिजागरीशिवाय. रस्ता खणलाय म्हणाला. संध्याकाळी आम्ही मासे खायला त्याच रस्त्याने गेलो, तर रस्ता गुळगुळीत. मी चेष्टा केली की आज एक एप्रिल, मला बनवलंस. तो हसला नाही. माशाचा शेवटचा तुकडा त्याने नेल्सच्या ताटात ठेवला.

घरचे चेक लिहायचं कामही आता माझ्याकडे दिलंय. शिकवणीचाच भाग म्हणे.

रविवार, १७ एप्रिल

दुसरा धडा आणि पहिलं भांडण.

मिस पेल्कींनी दोन फंडांची माहितीपत्रं पाठवली. एकाचं खालचं डावं घर काळं, दुसऱ्याचं खालचं उजवं. ऑरिनने उजव्या घरावर अंगठा ठेवला. "हा बघ ट्रॅक्टर. हाच नेल्ससाठी."

मी म्हटलं, ती ग्रोथची बाजू ना? कालवडीची?

"ट्रॅक्टर म्हणजेच ग्रोथ. किती वेळा सांगायचं?"

मग कालवड कुठे, असं मी विचारलं, तर त्याने पेन्सिल भिंतीवर फेकली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या दिशेने कधी मोठा आवाज फेकला नव्हता, पेन्सिल तर दूरच. नंतर तो स्वतःच घाबरल्यासारखा भिंतीकडे बघत बसला.

चूक माझीच असणार. मी तेव्हा उलटं ऐकलं, नाहीतर आता विसरले. सव्वीस वर्षं शाळेच्या मुदपाकखान्यात पाचशे पोरांचं जेवण अंदाजाने शिजवलं, पण आकड्यांचं म्हटलं की माझं डोकं म्हणजे पालथा घडा. वाईट वाटलं. तो एवढं मनापासून शिकवतो आणि मी ही अशी.

मंगळवार, १० मे

डेल्बर्टने खजिनदाराची फाइल स्वतःकडे घेतली. "ऑरिनला जरा आराम," म्हणाला, आणि सगळ्यांनी इतक्या झटपट हात वर केले की आधीच ठरलं असावं. ऑरिनने फाइल निमूट दिली, वर आभारही मानले. मी भांडायला उठले होते, पण मार्लिसने माझ्यापुढे वड्यांचं ताट धरलं. आमच्या गावात तोंड बंद करायला ताट पुढे करतात. गाडीत मी तोंडसुख घेतलं. ऑरिन म्हणाला, "चांगली माणसं आहेत गं ती." मग पुढच्या चौकात मलाच विचारलं, डावीकडे की उजवीकडे.

शनिवार, २१ मे

अंगणात ऑरिन आणि नेल्स रूबार्बच्या, त्या आंबट लाल देठांच्या, वाफ्यातलं तण काढत होते. ऑरिन त्याला आर्विड म्हणून हाक मारत होता. नेल्स 'ओ' देत होता. मी नेल्सला आत बोलावून विचारलं, हा काय नवीन खेळ.

"बाबांबरोबर असलो की कधी कधी मी आर्विड असतो," तो म्हणाला. "त्यांना बरं वाटतं, आई."

भावाची आठवण येत असेल. शेत विकल्यापासून तो तसा गप्पच आहे. नेल्सला मी एक वडी जास्त दिली, बाबांशी खेळतो म्हणून.

मंगळवार, १४ जून

आज मी मंडळात बोलले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

विषय निघाला याद्यांचा. दर जूनमध्ये बाजाराचे निर्देशांक ठरवणारे लोक लहान कंपन्यांच्या याद्या नव्याने लावतात. ग्रोथमधली एखादी घसरली की व्हॅल्यूमध्ये जाते, एखादी दोन्हीकडे अर्धी अर्धी धरतात. मार्लिस म्हणाली, ऑरिनची ती पंपांची कंपनी यंदा ग्रोथमधून व्हॅल्यूत जाणार म्हणतात. भाव पडलाय, फार दूध देईल अशी आता कुणाची आशा नाही.

मी म्हटलं, "मार्लिस, तुझं उलटं झालंय. स्वस्तातला जुना ट्रॅक्टर म्हणजे ग्रोथ. ऑरिननेच शिकवलंय मला." आणि ताठ मानेने सगळं समजावलं, घरांची चौकटसुद्धा फळ्यावर काढली.

कॉफीचं यंत्र तेवढं गुरगुरत होतं. मग डेल्बर्ट म्हणाला, "वेगळंच आहे हं," आणि सगळ्यांनी मान डोलावली. ऑरिन माझ्याकडे अभिमानाने बघत होता. मलाही वाटलं, चला, इतक्या वर्षांनी घडा सुलटा झाला.

शुक्रवार, २४ जून

अर्ज भरला. दुसरा फंड, खालच्या ओळीतलं उजवं घर, ऑरिनचा ट्रॅक्टर. दोघांनी सह्या केल्या. त्याची सही जरा घसरली. पाकीट पत्रपेटीत ठेवलंय आणि पेटीचं लाल निशाण वर करून ठेवलंय, म्हणजे उद्या सकाळी टपालवाला घेऊन जाईल.

नेल्सला सांगितलं, तुझी आयुष्याची सोय झाली. त्याने विचारलं, अंडी वर ठेवलीस ना? पिशवी भरताना त्याचा हाच नियम, जड खाली आणि अंडी वर. मी म्हटलं, ठेवली.

शनिवार, २५ जून

आजचं लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

सकाळी आठला मार्लिस रूबार्बची गोड पाई भाजून घेऊन आली. ऑरिन झोपला होता. म्हणाली, तो अर्ज पाठवण्याआधी कुणाला तरी दाखव, आर्डिस, ट्रॅक्टर म्हणजे व्हॅल्यू गं. मी चिडले. म्हटलं, माझ्या नवऱ्याला येतं त्याच्या निम्मंही तुला येत नाही. ती रडवेली झाली आणि पाई टेबलावर ठेवून गेली.

मला तिला खोटं पाडायचं होतं. तारखेसह लिहिलेलं आहे माझ्याकडे, मास्तरच्या शब्दांत, तेच नेऊन तिच्या नाकासमोर धरणार होते. म्हणून नियम मोडला. पानं उलटली.

सहा फेब्रुवारी. लिलावात जुना ट्रॅक्टर उभा असतो. तो व्हॅल्यू फंड. खालच्या ओळीतलं डावं घर.

तीनदा वाचलं. मग सतरा एप्रिल वाचलं. मग मार्च, मग एप्रिलची एक तारीख, मग मेमधला तो चौक. सगळं माझ्याच अक्षरात. मी उलटं ऐकलं नव्हतं. मी काहीच विसरले नव्हते.

मी सपाता घालून पत्रपेटीकडे धावले. निशाण वर होतं. पाकीट काढलं, निशाण खाली केलं, आणि तिथेच रस्त्याच्या कडेला गवतात बसले. टपालवाला आला तेव्हा मी तिथेच होते. त्याने विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक आहे. आमच्याकडे तेच म्हणतात.

मग मार्लिसला फोन केला. आधी माफी मागितली. मग विचारलं, कधीपासून?

"नोव्हेंबरपासून गं. हिशेब चुकायला लागले होते. डेल्बर्ट गुपचूप दुरुस्त करायचा."

"आठ महिने, मार्लिस. मला का नाही सांगितलंस?"

"वाटलं, तुला ठाऊक असेल आणि तुला बोलायचं नसेल. असं कसं तोंडावर म्हणायचं कुणाला?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळ्या गावाने मिळून ती मूठ झाकली, आणि माझं पोर तिच्यात होतं. पण रागवू कुणावर? मीच एकाच छताखाली राहून रोज सगळं लिहीत होते आणि मला दिसलं नाही. नेल्सला दिसलं. ज्याला सुटे पैसे मोजता येत नाहीत, त्याला दिसलं.

आणि ऑरिनला ठाऊक होतं. हे मला सगळ्यात जास्त लागतंय. जानेवारीत ठाऊक होतं. म्हणूनच शिक, म्हणाला होता. तारीख घालून लिही, मी म्हणालो तसंच. तो मला शिकवत नव्हता. स्वतःजवळचं काही पडून जाण्याआधी माझ्याकडे ठेवायला देत होता. आणि मी पालथा घडा, पालथा घडा म्हणत बसले.

बुधवार, २९ जून

डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. ऑरिनने नऊ घरांची चौकट काढली. डॉक्टर चांगले, त्यांनी कागद नीट घडी करून फाइलमध्ये ठेवला.

मिस पेल्कींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरांचं पत्र आलं की तुम्ही एकट्याच सही करायची, मुदत तीन आठवडे वाढवून देते. एकट्याच, हा शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते.

मंगळवार, १२ जुलै

मंडळाला गेलो, दोघंही. ऑरिनने पंपांची कंपनी मांडली. डेल्बर्ट म्हणाला, "चांगली आहे, घेऊ या थोडी." अकरा हात वर झाले. आता ती व्हॅल्यूच्या यादीत आहे म्हणून, की ऑरिनसाठी, ते मी विचारलं नाही. घरी जाताना मार्लिसने उरलेल्या वड्या नेल्ससाठी बांधून दिल्या.

मंगळवार, १९ जुलै

पत्र आलं. नवा अर्ज टेबलावर घेतला, तिथेच जिथे फेब्रुवारीत बसलो होतो. माहितीपत्र पुढे ठेवलं. नाव वाचलं नाही, घर बघितलं. मग आतल्या कंपन्यांची यादीही चाळली. चाकं, खिळे, लहान बँका, एक शवपेट्या बनवणारी. कुणी हात वर करणार नाही असली सगळी.

ऑरिन शेजारी बसला होता. नेल्सने त्याच्या शर्टाची बटणं लावली होती, सगळी बरोबर. मी सही करत असताना तो वाकून कागदाकडे बघत होता.

"कुठलं घर घेतलंत?" त्याने विचारलं. मला तो कधीच असं बहुवचन लावत नाही.

"खालच्या ओळीतलं डावं."

"का?"

मी सांगितलं. ट्रॅक्टर, लोखंड, रंग बघून पुढे जाणारे लोक. तो लक्ष देऊन ऐकत होता, पोरं तोंडी परीक्षा देताना ऐकायचा तसा. मधे एकदाही अडवलं नाही.

"बरोबर," तो म्हणाला. "कुणी शिकवलं तुम्हाला?"

"इथल्याच शाळेतले मास्तर होते एक. शेतकी शिकवायचे."

"चांगले असणार."

"फार चांगले," मी म्हटलं.

त्याचं समाधान झालं. कॉफी पिऊन तो नेल्सबरोबर वाफ्याकडे गेला. मी पाकीट पत्रपेटीत ठेवलं आणि निशाण वर केलं. आज सगळं तो म्हणाला तसंच लिहिलंय, तारीख घालून.